न तपासलेला सांधा

शनिवार, दिनांक १४ मार्च २०२६. सकाळी गॅरेज झाडले. दुपारी पुतणीचा फोन आला. तिला जुन्या गाड्यांच्या शर्यतीसाठी गाडी निवडायची आहे. उद्या दहाला ती मला न्यायला येणार. म्हणाली, "काका, तुम्ही हो म्हणाल तीच घेईन. बाबांनीही तुमचंच ऐकलं होतं." फोन ठेवला आणि लिहायला बसलो.

मी, वय एकसष्ट, अविवाहित, धंद्याने मोटार मेकॅनिक, कोणाच्या दबावाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर लिहितो की माझ्या पश्चात माझ्या मालमत्तेची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

एक. राहते घर वहिनींना. मागची खोली गळते. यंदा करू, यंदा करू म्हणत राहून गेले.

दोन. जॅक आणि पान्यांचे दोन्ही संच माझ्या जोडीदार रंगाऱ्याला. त्याने सहा वर्षांपूर्वी नेलेला माझा ग्राइंडरही आता त्याचाच समजावा.

तीन. छोटी हातोडी पुतणीला. जुनी गाडी घेताना मी सांगाड्याचा प्रत्येक सांधा हातोडीने वाजवून ऐकतो. धड असेल तर खणकन वाजतो, तडा असेल तर बद्द. नऊ वर्षांपूर्वी दादाला शर्यतीसाठी दोन गाड्यांतून लाल गाडी मीच निवडून दिली. डावी बाजू पूर्ण वाजवली. उजवी मागून पुढे येत होतो, तेवढ्यात दलाल म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक फाटकात उभं आहे, बघा बुवा." दादा हसला, "पुरे रे वैद्यबुवा, सापडली ना नाडी?" मी हातोडी खिशात टाकली. पुढचा उजवा सांधा राहिला. पहिल्याच शर्यतीत, चौथ्या फेरीच्या वळणावर तोच तुटला. तुकडा मी पाहिला. तड्यात जुना गंज होता. इतकी वर्षे दलालाला शिव्या घातल्या. हातोडी माझ्या हातात होती.

दादा गेला तेव्हा दवाखान्यात वहिनींनी विचारले, "भावजी, गाडीत काही नव्हतं ना?"

मी म्हणालो, "नाही वहिनी, सगळं बघितलं होतं."

त्यांनी पुन्हा कधी विचारले नाही.

चार. हा कागद माझ्या मरणाची वाट न पाहता पुतणीने उद्या निघण्याआधी वाचावा. मग मला सोबत न्यायचे की नुसती हातोडी, हे तिने ठरवावे. वहिनींना त्याआधी मी स्वतः तोंडाने सांगेन.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), निवृत्त पोस्टमन (सही). दोघांनी मजकूर वाचलेला नाही, मला सही करताना पाहिले आहे. शिंपी म्हणाले, "ठणठणीत आहात की! घाई कसली?"

ठिकाण: राहते घर. तारीख वरचीच. (सही)

ते दोघे गेले. खिडकीतून वारा येतो आहे. कागद उडू नये म्हणून वर हातोडी ठेवतो. चहाचे तीन कप विसळायचे आहेत.