मोकळ्या प्लॉटचा निःपक्षपाती अहवाल

२ डिसेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारण जबाबदारी.

कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर तरुणांसाठी क्लबहाउस बांधायचे, असे काल बैठकीत निघाले. एका खोलीत कॅरम, दुसरीत अभ्यासिका. मी उभा राहिलो. विचारले, पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास झाला आहे का. पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारल्यावर अध्यक्ष सुभाषचंद म्हणाले, नाना, तुम्हीच करा अभ्यास, सव्वीस जानेवारीच्या सभेत वाचा, आता जेवायला जाऊ द्या सगळ्यांना. एकोणतीस वर्षे भूगोल शिकवल्याचे चीज झाले.

नकाशा पाहिला. दरवर्षी माझी भरीत पार्टी जिथे होते, वांगी भाजायला कपाशीची पऱ्हाटी जिथे पेटते, नेमके तिथे कॅरम दाखवले आहे. हा योगायोग. माझ्या मताशी त्याचा संबंध नाही. मत अजून बनलेले नाही. अहवाल विरोधात जाईल असे वाटते.

संकल्प: रोज पाचला उठणे. निःपक्षपाती राहणे. दोनशे पानी रजिस्टर आणले.

५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ९.१०

पाचला उठलो होतो. गार होते.

मोजणी. टेप सौ. रत्नाच्या शिवणाच्या डब्यातला, दीड मीटरचा. सारखे वाकावे लागते. म्हणून लांबी मोजली, रुंदी अंदाजे. झाडे: कडुलिंब, एक. पक्षी: साळुंक्या चार. किंवा एकच, चार वेळा.

आकिब भेटला. क्लबहाउसची मागणी मूळ त्याची आणि त्याच्या मित्रांची. स्पर्धा परीक्षेला बसतो. म्हणाला, नाना, टेपचं एक टोक धरू का? नकार दिला. हितसंबंधी व्यक्ती. घरात आम्ही सात माणसं, पुस्तक उघडून ठेवलं की त्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवतं, असेही सांगत होता. गेल्या वेळी दोन मार्कांनी राहिला. भावनिक मुद्दा. नोंद केली, पेन्सिलीने.

१० डिसेंबर, मंगळवार

मोठे यश. सावलीचा अभ्यास पूर्ण.

प्लॉट आमच्या घराच्या पश्चिमेला. काठी रोवून, दोरी लावून, शाळेत मुलांना दाखवायचो तसे गणित केले. इमारत झाल्यास उन्हाळ्यात दुपारी चारपासून तिची सावली थेट आमच्या ओट्यावर पडेल. आमचा सूर्यप्रकाश जाईल. शेरा: परिणाम अत्यंत गंभीर. लाल शाईने अधोरेखित केले.

रत्नाला वाचून दाखवले. तिने विचारले, म्हणजे मे महिन्यात? जळगावात? आपल्या ओट्यावर सावली? मी म्हणालो, हो, आणि वाचवायला कुणी येणार नाही. ती म्हणाली, दोन मजली बांधायला सांगा.

विषयाचे गांभीर्य सर्वांना कळत नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

लाल शाईचे पेन काढले आहे.

प्लॉटच्या मधोमध अनोळखी झुडपे सापडली. सात. पाने रुंद, केसाळ. फूल जांभळे. एकाला हिरवट गोल फळ. आणि सातही झुडपे एका वर्तुळात. निसर्ग उगाच वर्तुळ काढत नाही. ही दुर्मीळ रानवनस्पती आहे. अशा जागेवर कॅरम खेळता येणार नाही.

नाव द्यावे लागेल. स्वतःचे नाव आपणच सुचवणे बरे दिसत नाही. माझा जुना विद्यार्थी अभिमन, त्याने सुचवले तर हरकत घेणार नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

धुळ्याला जाऊन आलो. अभिमन तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. नमुना रत्नाच्या स्टीलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून नेला. एसटीत शेजारच्या आबांना वाटले जेवण आहे. पारोळ्यापर्यंत डब्याकडे बघत होते.

अभिमनने पान उलटसुलट केले. फळ दाबून पाहिले. मग म्हणाला, आलो सर, आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे ओले होते. मीही भारावलो. शोधाच्या क्षणी असे होते. खात्री करून कळवतो म्हणाला. चहा पाजला.

२२ डिसेंबर, रविवार

माती. झुडपांच्या वर्तुळात हातभर खड्डा खणला. वर काळी माती, तिच्याखाली चार बोटे राखेचा थर, खाली पुन्हा काळी माती. राखेत जळक्या काड्या. प्राचीन वस्ती. तापीच्या खोऱ्यात अशा सापडतात. आता तर प्लॉटला कुंपणच घालावे लागेल.

दुपारी ३. राखेच्या थरात एक धातूची वस्तू सापडली. चमचा. घासल्यावर अक्षरे दिसली: रत्ना, २००४.

रत्ना चमचा बघून खाली बसली. सहा वर्षे हा चमचा तिच्या नणंदेने नेला असे ती धरून चालली होती. नणंद म्हणजे माझी बहीण. संध्याकाळी फोन करून दोघी तासभर रडल्या. प्राचीन वस्तीचा मुद्दा तूर्त बाजूला.

२३ डिसेंबर, सोमवार

सुभाषचंदांची मुलगी रुची पर्यावरणाचेच शिकते. तिच्याकडे हवेतला धूर-धूळ मोजायचे यंत्र आहे. दोन आठवडे कडुलिंबाला टांगून ठेव, असे सांगितले. प्लॉटवरची हवा किती स्वच्छ आहे, हे आकड्यांत सिद्ध झाले पाहिजे. म्हणाली, नाना, नक्की? दोन आठवडे सलग? मी म्हणालो, विज्ञानाला सुट्टी नसते.

२९ डिसेंबर, रविवार

विज्ञानाला आज सुट्टी. भरीत पार्टी. वर्ष एकविसावे.

पऱ्हाटी धरणगावहून, मेहुण्याच्या शेतातली, छोटा हत्ती टेम्पो भरून. वांगी बामणोदची. चुलीभोवती पुरुषमंडळी गोल बसून वांगी निवडत होती. किडके निघाले की न बघता मागे फेकायचे, ही आमची पद्धत. मग पऱ्हाटी पेटवली. ज्वाळा कडुलिंबाच्या फांदीएवढ्या. धूर असा की समोरच्या बिल्डिंगच्या लोकांनी खिडक्या लावल्या आणि जेवायला खाली आले. ऐंशी माणसे. कळण्याच्या पुऱ्या. सुभाषचंद जैन, वांगे खात नाहीत. पण वाढायला दरवर्षी तेच, आणि आग्रह असा की माणूस उठू शकत नाही. आकिबने वांगी सोलली, बोटे भाजून घेतली. चांगला मुलगा आहे. हितसंबंधी असला तरी.

जेवताना एकजण म्हणाला, नाना, पुढच्या वर्षी कुठे? पाणी प्यायलो. खोकला धुराचा होता.

६ जानेवारी, सोमवार

रुचीने आलेख आणून दिला. सरळ रेष, सरळ रेष, मग एक डोंगर, मग सरळ रेष. डोंगर एकोणतीस तारखेचा, संध्याकाळी सहा ते दहा.

यंत्र बिघडले आहे, असे मी सांगितले. ती म्हणाली, नाही. मग कुणाची तरी मोटारसायकल असेल. ती म्हणाली, चार तास? आणि सत्तर मोटारसायकली? रत्ना आतून आली. चिडली की ती माहेरची बोली बोलते. म्हणाली, हाऊ धूर तुम्हनाच शे.

यंत्राला पार्टीची कल्पना द्यायला हवी होती.

११ जानेवारी, शनिवार

अभिमनचा व्हॉट्सअॅप.

सर, नमुना तपासला. भरताचे वांगे आहे. चुलीभोवती बसून किडकी वांगी मागे फेकली की अशीच गोल उगवतात. आमच्याकडेही आहेत. पुढच्या पार्टीला बोलवा.

शेवटी हसरा चेहरा. पीएच.डी. झाली म्हणजे नजर येतेच असे नाही.

१८ जानेवारी, शनिवार

अहवाल पूर्ण. बावीस पाने.

खरे तर धुराचे, राखेचे आणि वांग्यांचे परिशिष्टात बारीक अक्षरांत टाकणार होतो. पण मग निःपक्षपातीपणाचे काय? मुलांना एकोणतीस वर्षे सांगितले, निरीक्षण लपवायचे नाही. सगळे लिहिले.

मात्र अहवालाला दात हवेत. विचार केला, हे तरुण तिथे जमले की चहा करणार, थंडीत शेकोट्या पेटवणार. म्हणून शिफारस क्रमांक एक: प्लॉटवर काहीही पेटवण्यास कायमची बंदी. काही शिजवायचे असल्यास आपापल्या घरी, गॅसवर. अपवाद कुणालाही नाही. चहा नाही म्हटल्यावर क्लबहाउसला कोण जाईल? मागणी आपोआप मरेल. कडक शब्दांत लिहिली, खाली सही केली.

रजिस्टर रुचीला टाइप करायला दिले. तिने विचारले, नाना, मुद्दे कोणत्या क्रमाने लावू? सांगितले, शास्त्रशुद्ध. सर्वांत जास्त हानी करणारा पहिला. पहिले पान वाचून तिने विचारले, शिफारस एक अशीच ठेवू? मी म्हणालो, काना-मात्राही बदलायचा नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. मग सभा. चाळीस मिनिटांचे भाषण तयार होते. चष्मा घरी राहिला. रुचीने वाचले.

पहिला मुद्दा: या जागेची सर्वाधिक हानी वार्षिक भरीत पार्टीमुळे. धूर. दुसरा: राख. तिसरा: फेकलेली वांगी. क्लबहाउसची अपेक्षित हानी शेवटी, एकच: समोरच्या घरांवर उन्हाळ्यात सावली. परिणाम अत्यंत गंभीर.

यावर बायकांच्या रांगेतून टाळ्या. टाळ्यांची सुरुवात रत्नाने केली. आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांवर पडेल का, असे दोघींनी उठून विचारले.

सुभाषचंद म्हणाले, नाना, स्वतःच्या पार्टीविरुद्ध लिहायला छाती लागते. शाल, नारळ. ठराव: क्लबहाउस व्हावे, जमल्यास दोन मजली. शिफारस क्रमांक एक जशीच्या तशी मान्य, अपवाद कुणालाही नाही. एकमताने. मीही हात वर केला. सगळे माझ्याकडेच बघत होते.

आकिब पाया पडला. म्हणाला, नाना, तुम्ही विरोधात आहात असं मला वाटायचं. मी म्हणालो, लोकांचे गैरसमज होतात.

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.३०

प्लॉटवर चुन्याची फक्की टाकून आखणी झाली. खोदकामात मरू नयेत म्हणून रुची आणि आकिबने सातही झुडपे आमच्या अंगणात आणून लावली. अहवालात पान नऊवर मीच जतनाची शिफारस केली आहे म्हणे. रजिस्टरची कोरी पाने आकिबला दिली. एकशे अठ्ठ्याहत्तर. तो म्हणाला, अभ्यासिका होईपर्यंत तुमच्या ओट्यावर बसू का? इथे कपाला वेगळी जागा आहे. बस म्हणालो.

दुर्मीळ वनस्पतीला एक वांगे धरले होते. रत्नाने तोडले आणि गॅसवर ठेवले. मी म्हणालो, पऱ्हाटीच्या दोन काड्या तरी, अंगणात, कुणाला कळणार नाही. आकिबने पुस्तकातून मान वर केली.

गॅसवरच भाजले. वास नाही, धूर नाही. ज्योत निळी.

दोन भाकरी खाल्ल्या. भुकेमुळे.