सूटकेस, कोट आणि कडेवरची मुलगी

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा सिनेमाच्या गर्दीत उभे राहण्याचा, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाखाली नसताना हे लिहून ठेवतो. (शुद्धीबद्दल पत्नीची हरकत आहे.)

१. राहते घर, दोन खोल्या, पत्नीला. माझ्या धाकट्या भावाला येथे एक रात्रही ठेवू नये. का, ते त्याला माहीत आहे.

२. सूटकेस नातीला. परक्या देशात आलेल्या माणसांवरच्या एकोणीस सिनेमांत मी हीच घेऊन गाडीतून उतरलो. ओझे वाटावे म्हणून आत रद्दी भरत. पंचेचाळीस वर्षे येथे राहूनही पडद्यावर मी अजून नवाच आलेला आहे. हल्ली डोळे मिटले की फलाट आपोआप पुढे सरकतो, आणि मी कोणत्या गाडीतून उतरतो आहे ते कळत नाही. बरे वाटते. रद्दी काढू नये.

३. कोट, सुरुवातीपासूनचा एकुलता एक, शिंप्याला. दुरुस्तीला दिला तर बाही आखूड केली आणि आजवर कबूल करत नाही. आता स्वतः घालून बघावे.

४. पहिल्या सिनेमाची सीडी मुलीला. त्यात मी लाल फ्रॉकमधल्या मुलीला कडेवर घेऊन उतरतो. "ही मी," असे आमची मुलगी सर्वांना सांगते. आम्ही कधी खोडून काढले नाही. खरे असे, की या देशात मी एकटाच आलो, आणि सिनेमातली ती मुलगी दुसऱ्या कोणाची होती. चार वर्षांनी मायलेकी आल्या. पत्नी सामान उतरवत होती आणि मी फलाटावरच्या भलत्याच पोरीचा हात धरून चालू लागलो. माझ्या डोक्यात दोन वर्षांची लेक होती, आलेली सहा वर्षांची. मला अजून लाज वाटते. बाळ, माफ कर.

दुरुस्ती. हे साक्षीदारांना वाचून दाखवताना मुलगी दारात उभी होती.

"बाबा, मला आठवतं ते," ती म्हणाली. "तुम्ही त्या पोरीला घेऊन निघालात, तेव्हा मी मागून तुमच्या कोटाचं टोक धरून चालत होते. वळून बघाल म्हणून."

"मग सिनेमातली मीच, असं का सांगत आलीस?"

"तुम्हाला बरं वाटायचं ना."

सबब कलम ३ रद्द. कोट मुलीला. शिंप्याची हरकत नाही. बाही आखूड झाल्याचे त्याने आज मान्य केले.

या वेळी मी वळून बघितले, आणि मगच सही केली.

सही: लिहून ठेवणार
साक्षीदार: १. शिंपी २. खालच्या मजल्यावरचे न्हावी
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, दुपारी