सोलरखालची सावली

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मला चौथीच्या पुढचं लिहिता येत नाही, तेव्हा आपली बरोबरीच. तू जाऊन तीस वर्षं होऊन गेली, पण परवाचं कोणाला तरी सांगायलाच हवं, आणि घरातले तर सगळे तिथे हजरच होते.

आमच्या कात्रजच्या सोसायटीत दोन महिने एकच भांडण चाललं होतं. गच्चीवर सोलर बसवायला सरकार सबसिडी देतंय. म्हणजे उन्हावर वीज करणाऱ्या काळ्या फळ्या गं. खर्चाचा काही वाटा सरकारचा, आणि लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे त्यावर चालणार. कोणी म्हणे, सरकार फुकट कशाला देईल. कोणी म्हणे, आपल्याच कराचे पैसे आहेत, घ्या की. वरच्या मजल्यावाल्यांना गळतीची धास्ती. लिफ्ट तर मला हवीच, माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत. पण सोलरवाल्याने दिलेला नकाशा बघितला तर अख्खी गच्ची काळी. मग आम्ही बायकांनी वाळवणं घालायची कुठे? मुलाला विचारलं तर म्हणाला, "आई, फ्लॅट तुझ्या नावावर आहे म्हणून तुला यावं लागेल. मी खूण केली की हात वर कर, बस."

सभा पार्किंगमध्ये, सोलरवालाही आलेला. चेअरमन बँकेतून रिटायर झालेत, अजूनही समोरच्याने फॉर्म चुकवल्यासारखं बघतात. मुलगा खूण करतो आणि मी हात वर करायच्या ऐवजी उभीच राहते. वाळवणाचं काढते. ते म्हणतात, "आजी, वाळवण हा विषय अजेंड्यावर नाही." मी म्हणते, "ऊन आहे ना? ते आम्ही तुमच्या आधीपासून वापरतोय." लोक हसले. मुलगा मोबाइलमध्ये बघायला लागला.

आणि तिथेच मला आपलं अंगण दिसलं. मी दहा वर्षांची, शहाणपणा करून उडदाचे पापड भर उन्हात पसरलेले, सगळे वाकडे होऊन तडकलेले. तू शेतातून आलीस. "उडदाचं पापड सावलीला वाळत्यात गं. ऊन कुरडईला. येवढं कळंना व्हय?" आणि मग तेच तुकडे चुलीवर भाजून मलाच खायला दिलेस. किती छान लागले होते.

मी सोलरवाल्याला विचारलं, "या फळ्या माणसाच्या डोक्यावर जातील एवढ्या उंच बसतील का? खाली सावलीत पापड घालू. टाकीजवळची पट्टी तेवढी मोकळी सोडा, कुरडयांना." तो म्हणाला, "बसतील की. खर्च जरा वाढेल, पण वावरायला जागा राहील." चेअरमननी चष्मा काढला. "हे आधी का नाही बोललात?"

"विचारलंत कुठे?" मी म्हटलं.

मग सगळ्यांचे हात वर. गळतीवाल्यांचेसुद्धा. सबसिडीचा अर्ज गेलाय, आणि शेजारणी आत्तापासून जागा धरून ठेवतायत.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून खरं लिहिते. त्या माणसाने जमत नाही म्हटलं असतं, तरी मी हात वरच केला असता. पापड हल्ली विकत बरे मिळतात. मला फक्त आधी कोणीतरी विचारायला हवं होतं.