काचेविना चौदा फोटो

६ ऑक्टोबर, निपाणी
बेळगावच्या हॉलवरनं फोन. होकार! तंबाखू निवडणाऱ्या बायकांचे माझे चौदा फोटो, अठरापास्नं तीन दिवस. फोन ठेवला आणि स्टुडिओतच टुणकन उडी मारली. लग्नाचा अल्बम न्यायला आलेलं गिऱ्हाईक बघतच राहिलं.
काच लावायची न्हाय, हे पक्कं. काचेत बघणाऱ्याचंच तोंड दिसतंय.

७ ऑक्टो.
आप्पांनी प्रिंट हातात घेतला आणि कोपऱ्यावर नख ओढलं. काळ्यात पांढरी रेघ!
"डार्करूममधल्या माझ्या फोटोला असं व्हत नव्हतं. काच न्हाय म्हणतीस. लोक हात लावणारच. मग?"
लई राग आला. वडील असले तरी... पण खरं हाय ते. कापसाच्या कागदावर शाई वरवरच बसलेली असते. संरक्षक स्प्रे मागवला, तीन डबे.

१० ऑक्टो.
स्प्रे आला! वाया गेलेल्या प्रिंटवर अर्ध्या भागात मारला, अर्धा झाकून ठेवला. वाळल्यावर दोन्हीकडं पाण्याचा एकेक थेंब. कोऱ्या बाजूला कागदानं पिऊन टाकला, डाग पडला. स्प्रेच्या बाजूला थेंब गोल बसून राहिला, मण्यासारखा. फडक्यानं टिपला. काही न्हाय! वर काळा रंग आणखी गडद झाला. आप्पांना हाक मारून तीनदा करून दाखवलं.

११ ऑक्टो.
घात केला मी. दम निघाला न्हाय. सकाळी धुकं असतानाच वखारीतल्या शेवंताक्काच्या हातांचा मोठा प्रिंट घेतला, एकदाच जाड थर मारला. बघता बघता वर दुधासारखी साय. आक्काचे हात धुरात गेल्यागत. पुसलं, तर आणखी बिघडलं.
आप्पा रागावले न्हाईत. "हवा ओली हाय गं. दुपारची वाट बघायची हुती."
त्या मापाचा कागद एकच उरलाय.

१३ ऑक्टो.
नवा प्रिंट काल काढून वाळवला. आज कडक ऊन. गच्चीवरच्या खोलीत, दारं-खिडक्या उघड्या, दोघांच्या तोंडाला मास्क. डबा हलवला, पहिला फवारा रद्दीवर, मग फूटभर अंतरावरनं आडवा हात. अगदी पातळ. आप्पा घड्याळ धरून. "थांब... अजून थांब... हां, आता उभा मार." तीन थर झाले. साय न्हाय! एक डाग न्हाय! आप्पांनी मास्कमधनंच शिट्टी वाजवायला बघितली.

१६ ऑक्टो.
चौदाही झाले. शेवंताक्का आलती. तिला बोलावलंच न्हवतं, आप्पांनी सांगितलं असणार. वखारीत तंबाखू निवडण्यात जन्म गेला तिचा, पण स्वतःचे हात तिनं एवढे मोठे कधी बघितलेत? पुढं होऊन पंजा थेट फोटोतल्या पंजावर ठेवला.
"माझा हात एवढा मऊ कुठं हाय, पोरी? ह्यो तर गुळगुळीत लागतोय."
हात काढला. प्रिंट जसाच्या तसा. मी हसाय लागले, डोळ्यांत पाणी.
"किती वर्सं टिकंल गं?"
डब्यावर लिहिलंय ते सांगितलं, शंभर वर्सं. म्हणाली, "कुणी बघून आलंय व्हय?"

१८ ऑक्टो., बेळगाव, हॉलमध्येच लिहितेय
पावणेअकरा. सगळे टांगून झालेत. झरोक्यातलं ऊन थेट कागदावर पडतंय, मधे काही न्हाय.
हॉलवाल्यांनी प्रत्येक फोटोखाली पाटी लावलीय : हात लावू नये. आक्काच्या फोटोखालची काढून पिशवीत घातली.
आप्पा म्हणाले, "बघ हं. एका थरापुरता पण स्प्रे उरला न्हाय."
"ठाऊक हाय, आप्पा."
आक्का वखारीतल्या सगळ्याजणींना घेऊन आलीय. जिन्यावर त्यांचा गलका, कुणीतरी खळखळून हसतंय. दार उघडाय जाते.