गरम बॅटरीची साक्ष

बोडीटोला, ता. सिंदेवाही
४ जानेवारी २०२५

चि. आचल हिस आजी कुंताचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. आजीले फोन काऊन चालत नाई, असं तू विचारलं. फोनवर मले अर्धंच ऐकू येते आन् उरलेलं मी मनानं जोडते. मागं तुझ्या पॉलिटेक्निकची परीक्षा होती, तर मी गावात तुझं लग्न जमल्याचं सांगून आली होती. त्यापरीस अंगणवाडीच्या दीपिकेनं वाचावं, मी ऐकावं, हे बरं. ती आताही हसून राह्यली. हसू नको म्हटलं, लिही.

तुझ्या शर्यतीचं मले जेवढं समजलं ते सांगते. हातातल्या यंत्रानं दुरून गाडी पळवायची. मोटर सगळ्यांची एका जातीची. बॅटरी दोनच सेलची, कडक डब्यातली, आन् भरायची ती आठ पूर्णांक चार व्होल्टपर्यंत. त्याच्यावर गेली का गाडी बाद. मग आपल्या हाती काय राह्यलं, तर टायर मऊ घ्याचे का कडक, दात्याचं चाक लहान का मोठं, आन् बोटं. हे तर आपल्या तलावाच्या सोसायटीसारखंच झालं. जाळ्याचा फास सगळ्याइचा एका मापाचा, मग ज्याले मासोळी कुठी बसते ते समजते, त्याचा टोपला भरते. तुझे आजोबा अध्यक्ष होते तेव्हा बारीक फासाचं जाळं आणलं म्हणून त्याइनं माझ्या सख्ख्या भावाले तलावाच्या पाळीवरून हाकललं होतं. मी आठ दिवस बोलली नाई. भाजी मात्र रोज खारट केली.

थंडीत बॅटरी सुस्त पडते, सुटताना जोर लावत नाई, असं तू लिहिलं. माझे गुडघेही तसेच. बारा तारखेले तुझा बाप अमर मले शर्यतीले घेऊन येते. तुले तारा जोडायचं झाळकाम शिकवलं तो अजीम मोटरसायकल घेऊन स्टँडवर येईन म्हणते, तर त्याले सांग, आजी वजनदार आहे, तिले गाडीसारखं वजनकाट्यावर घालू नको.

माया आहेच, ती मापून पाठवता येत नाई.

तुझी आजी कुंता
(हस्ते दीपिका)

---

चंद्रपूर
१५ जानेवारी २०२५

ती. आजीस आचलचा शि. सा. न. वि. वि.

तू बाबांसोबत नीट पोचलीस हे कळलं. निघताना मी तुझ्याशी धड बोलले नाही, त्याबद्दल रागावू नकोस. मी कोणाशीच बोलण्यासारखी नव्हते.

तू तिथेच खुर्चीवर बसली होतीस, पण नेमकं काय घडलं ते तुला कोणी समजावून सांगितलं नसेल. फायनलच्या आधी सगळ्यांच्या बॅटऱ्या तपासतात. माझे व्होल्ट बरोबर होते, वजन बरोबर होतं. मग त्यांनी ताप मोजायची बंदूक लावली. हवा सोळा अंश होती आणि माझी बॅटरी सत्तेचाळीस. बॅटरी बाहेरून गरम केली तर ती जास्त जोर देते, म्हणून त्याला सक्त बंदी आहे. हा नियम मी तुला लिहिलाच नव्हता, कारण मी तो मोडेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. डब्याची एक बाजू फुगलीही होती. वर्षभर ज्यासाठी राबले ती फायनल मी कठड्याबाहेर उभी राहून पाहिली.

चार्जिंगचं टेबल अजीमकडे होतं. माझी पिशवी त्याने हलवली हे दोघांनी पाहिलं. तोही त्याच फायनलमध्ये होता. मी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं. क्लबने त्याच्याकडून टेबलाच्या खणाची किल्ली काढून घेतली आहे आणि पुढचं येत्या सभेत ठरणार आहे. पिशवीजवळ शेवटपर्यंत तूच होतीस. म्हणून त्यांनी तुझी साक्ष लेखी मागितली आहे. अजीमने पिशवीला हात लावला का आणि तू आणखी काय पाहिलंस, एवढं लिहून पाठव.

गुडघ्यांची काळजी घे. नातीवरचा जीव कमी करू नकोस.

तुझी आचल

---

बोडीटोला
२२ जानेवारी २०२५

चि. आचल हिस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र मिळालं. इथी सगळे बरे आहेत. तलावाचं पाणी उतरलं, मासोळी काठाले आली, अमरच्या हाताले पाण्यानं चिरा पडल्या. शेजारच्या सोमारीची बकरी व्याली, दोन पिल्लं झाली. एक हुबेहूब सरपंचावर गेलं, असं सोमारी म्हणते. मी म्हटलं, पिल्लाचा अपमान करू नको.

तू साक्ष मागितली. तर लिहिते. अजीमनं तुझ्या पिशवीले हात लावला. पिशवीवर ऊन येऊन राह्यलं होतं, ती त्यानं उचलून माझ्या खुर्चीच्या सावलीत ठेवली. हे मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं.

दीपिका विचारते, आणखी काय पाह्यलं? मी म्हटलं, एवढंच लिही.

आज सांगायले जास्त काही सुचत नाई. थंडी आहे. नातीनं आजीले जसं आहे तसं ठेवून घ्यावं.

कुंता
(हस्ते दीपिका)

---

चंद्रपूर
३० जानेवारी २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र रविवारी सभेत वाचलं. सावलीचा भाग कोणी लक्षात घेतला नाही. हात लावला एवढंच सगळ्यांनी उचललं. नागपूरच्या स्पर्धेला जाणाऱ्या चमूतून अजीमचं नाव काढलं आहे आणि वर्षभर त्याला ट्रॅकवर येता येणार नाही.

तो भांडला नाही. त्याचे अब्बा नूरुद्दीनचाचा दुकानाला कुलूप लावून त्याच्यासोबत आले होते. मोटर वाइंडिंगच्या धंद्यात तीस वर्षांत मापात खोट केली नाही, एवढंच ते बोलले, आणि ते ऐकून दोघं-तिघं हसले. अजीमला विचारलं, तुला काय म्हणायचं आहे? तो म्हणाला, आजींनी जे लिहिलं ते खरं आहे, आजी खोटं सांगणार नाहीत.

मला पुन्हा पळू द्यावं हा माझा अर्ज मात्र मंजूर झाला. पुढच्या फेरीत मी पळू शकते. तुला आनंद होईल म्हणून कळवते.

पत्राची वाट पाहते.

आचल

---

बोडीटोला
६ फेब्रुवारी २०२५

चि. आचल हिस आशीर्वाद. ते आज तुले नको वाटले तर परत पाठव.

वि. वि. हे पत्र मी चार दिवसांपासून लिहून घेऊन राह्यली. दीपिकेसमोर बसते आन् बकरीचं सांगते. परवा मी गुपचूप सिंदेवाहीले गेली. तहसीलसमोर एक अर्ज लिहिणारा बसते. वाटलं, परक्या माणसाले सांगावं, तो लिहील आन् विसरून जाईल. त्यानं कोरा कागद काढला, अर्जदाराचं नाव विचारलं, विषय काय म्हणून विचारलं. संजय गांधी निराधारचा पगार आला नाई, असं काहीतरी बोलून उठली. लिहिता येत नसलं का माणसाले आपली लाजसुद्धा दुसऱ्याच्या हातानं लिहावी लागते. मग म्हटलं, पहिली साक्ष जिच्या हातची, हीही तिच्याच हातची राहू दे. दीपिकेची मान खाली आहे. ती हसून नाई राह्यली.

आचल, बॅटरी मी गरम केली.

गुडघ्याच्या शेकासाठी मी मिठाची पुरचुंडी सोबत आणली होती. तिथल्या चहावाल्याच्या तव्यावर मीठ तापवून घेतलं. तू थंडीत बॅटरी सुस्त पडते म्हणाली होती. मनात आलं, माझ्या गुडघ्याले जे चालते ते हिलेही चालन. अजीमनं पिशवी सावलीत ठेवून दिली आन् तो गेला. मग मी चेन उघडली आन् पुरचुंडी बॅटरीवर ठेवली, लेकराच्या छातीवर ठेवावी तशी. तुले बोलवलं तेव्हा काढून घेतली.

मले नियम माहीत नव्हता. एवढं माझ्या बाजूनं आहे, त्याच्या पुढं काहीच नाई. त्या माणसानं बंदूक लावून विचारलं, ही कोणी तापवली, तेव्हा पुरचुंडी माझ्या पदराखाली होती. अजून गरम होती, मांडीले चटके देऊन राह्यली होती. टोपी घातलेली शिकलेली पोरं उभी होती. म्हातारीनं मिठानं शेकलं हे ऐकून ते हसतीन, तुले हसतीन, असं वाटलं. मी पाण्याचा गिलास तोंडाले लावला. तू अजीमचं नाव घेतलं तेव्हा गिलास रिकामा झाला होता, तरी मी पीतच राह्यली.

त्याच पोरानं मले मोटरसायकलवर आणलं होतं. खड्डा आला का आधी सांगे. परत जातानाही त्यानंच स्टँडवर सोडलं, तुमच्या एवढ्या शिव्या खाऊन. अमरच्या हातात संत्र्याची पिशवी दिली. ती संत्री मी खाल्ली, आचल. गोड होती.

आता तू हे पत्र त्याच सभेत वाच. दुसऱ्याले वाचायले देऊ नको. नाव तुझ्या तोंडानं घेतलं होतं, ते परतही तुझ्याच तोंडानं घे. तुझी फेरी जाईल, हे मले माहीत आहे.

कुंता
(हस्ते दीपिका)

---

चंद्रपूर
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस, तुझ्या आचलचा नमस्कार.

पत्र काल सभेत वाचलं. सगळं वाचलं, संत्र्यांसकट. हसलं कोणी नाही.

वाचून झाल्यावर मी बसणार होते. पण बसता आलं नाही. कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट नव्हती, ती फक्त मला माहीत होती. शर्यतीच्याच संध्याकाळी मी पिशवी झटकली तेव्हा तळातून मिठाचे खडे पडले. बॅटरीच्या वायरीतही अडकले होते. मी ते चाखूनही पाहिले. मला तेव्हाच कळलं होतं, आजी.

पण मी ओरडून बसले होते. सगळ्यांनी ऐकलं होतं. मग वाटलं, तुलाच साक्ष मागावी. तू खरं ते लिहिशील, अजीम सुटेल, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला तुझा राग आला. सभेत ते वाचून होईपर्यंत मी गप्प बसले, आणि वर तुला लिहिलं की तुला आनंद होईल.

हे सगळं मी उभं राहून सांगितलं. क्लबने मला दोन वर्षं बंद केलं आहे. अजीमचं नाव चमूत परत घेतलं, टेबलाची किल्ली त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती उचलली नाही. नागपूरला तो जाणार नाही म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. गाडी खोक्यात ठेवली, अब्बांचा हात धरला आणि निघाला. दारात नूरुद्दीनचाचांनी मात्र मागे वळून विचारलं, म्हातारीला माफीसाठी चंद्रपूरला यायला कोणी सांगितलं नाही ना? तिला त्रास देऊ नका.

तुझ्यापुढे यायची हिंमत होईल तेव्हा येईन.

आचल

---

बोडीटोला
२० फेब्रुवारी २०२५

चि. अजीम यास, आचलची आजी कुंता हिचा नमस्कार. वयानं आशीर्वाद द्याचे असतात, पण ते आज राहू देते.

वि. वि. तुझ्या अब्बाजीले मले त्रास द्याचा नाई, असं समजलं. म्हणून मी आपणच येऊन राह्यली. शनिवारी सकाळच्या बसनं निघते. अमर म्हणते, मी सोबत येतो. मी त्याले नाई म्हटलं. स्टँडवर घ्यायले येऊ नको. दुकानाचा रस्ता मी विचारत येईन, चार लोक विचारतीन काऊन जाता, त्याइले सांगत येईन.

दुकानात गिऱ्हाईक असतीन तर असू दे. तुझ्या अब्बाजीले ज्या सभेत हसले ती माणसं मले गोळा करता येत नाई, तर तुमच्या गिऱ्हाइकापुढं सांगते. तू मालक, मनात नसन तर शटर ओढून घे. मी बाहेर पायरीवर बसून सांगीन आन् दुपारच्या बसनं वापस येईन. तू नागपूरले जा, असं सांगायले येऊन नाई राह्यली. तेवढं तोंड मले राह्यलं नाई.

पत्राच्या शेवटी लोभ असू द्या लिहू का, असं दीपिका विचारते. मी म्हटलं, ते कोरं ठेव.

कुंता
(हस्ते दीपिका)