पिठातला कोंडा

१४ जून १९८४

रक्तातली साखर दोनशे ऐंशी! तीही उपाशीपोटी. डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे असा सरकवला, जसा मी नापास पोराच्या बापापुढे प्रगतिपुस्तक सरकवतो. गोळ्या सुरू. गोड बंद, भात नावापुरता. पालेभाजी रोज, काकडी सालासकट. आणि पीठ चाळायचं नाही! 'चोथा पोटात गेला की साखर रक्तात सावकाश उतरते, मास्तर. कोंडा फेकू नका, तोच खा.'

मालन शेजारी बसली होती. नुसतं 'बरं' म्हणाली. घाटकोपर स्टेशनपासून टेकडी चढून घरी येईपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. माझ्या काळजीनंच असेल.

१८ जून

कोंड्याच्या चपातीला लोक उगाच नाकं मुरडतात. इतकी मऊ! आज शिक्षकांच्या खोलीत भाषणच ठोकलं — पीठ चाळू नका म्हणून.

३ जुलै

नव्या बुटानं उजव्या अंगठ्याला फोड. हळद लावली.

२२ जुलै

फोड फुटला. जखम भरत नाही. डॉक्टर म्हणाले, 'दुखत नाही ना? तेच वाईट.'

९ ऑगस्ट

तीनशे दहा. कसं शक्य आहे? दोन महिने आंब्याची फोड तोंडात घातली नाही. चहा बिनसाखरेचा. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, 'बाहेर काय खाता, मास्तर? माझ्यापासून लपवू नका.' मालनच्या देखत! सव्वीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून शिकवतोय, आणि मी खोटा? उठून चालायलाच लागणार होतो. तेवढ्यात त्यांनी अंगठा दाबून पाहिला. 'साखर उतरली नाही तर हा काढावा लागेल.'

वाटेत मालन रडायला लागली. मीच तिची समजूत काढत आलो.

१८ ऑगस्ट

अंगात कणकण होती म्हणून शाळेतून दुपारीच आलो. दार उघडं. मालन खाली बसून पीठ चाळत होती. परातीत पांढरंशुभ्र पीठ, बाजूला वर्तमानपत्रावर कोंड्याचा ढीग.

'हा कुणाला?'

'शेजारच्या सुंदराबाईच्या शेळीला.'

'रोज?'

ती कोंडा वर्तमानपत्रात गुंडाळायला लागली.

'पहिल्या दिवसापासून?'

माझा तोल गेला. चाळण हिसकावून दाराबाहेर भिरकावली. 'माझा पाय शेळीला घातलास तू!' म्हणून ओरडलो. चाळीतली माणसं जमली. कुणाकडे बघायची सोय राहिली नाही.

१९ ऑगस्ट

अबोला. चपात्या जाड, काळपट झाल्या. मी खाल्ल्या. ती जेवली नाही.

२० ऑगस्ट

आज बोलली. भिंतीकडे बघत.

'आई पाटलांच्या दारचं अंगण झाडायची. पाटलीण पीठ चाळायची, अन् राहिलेला कोंडा वरनं आईच्या पदरात टाकायची. हात लागू नये म्हणून वरनं. त्याचीच भाकर खाऊन आम्ही वाढलो. तुमच्या घरात आले तवाच ठरवलं, हितं चाळलेलंच पीठ मळायचं. डॉक्टर म्हणाला कोंडा घाला. मी रोज मनाशी म्हणायचे, आज नाही चाळायचं. पण हात चाळणीकडंच जायचा. तुमच्या ताटात कसा घालू तो? वाटलं, गोळ्यांनी उतरंल साखर.'

मी नायगावच्या चाळीत वाढलो. गावी गेलो तो पाहुण्यासारखा. पण तेवीस वर्षांच्या संसारात हिला एकदाही विचारलं नाही — लहानपणी काय खात होतीस गं? राग गेला म्हणणार नाही. अंगठ्याकडे नजर गेली की पुन्हा उसळतो. पण सगळ्या चाळीसमोर तिला जे बोललो, त्याची लाज वाटते. फार वाटते.

२३ ऑगस्ट

कणीक मी मळली, कोंड्यासकट. तिला हात लावू दिला नाही. चपाती तव्यावरच फाटली. मालन हसली नाही, पण लाटणं माझ्या हातातून काढूनही घेतलं नाही. माझी मला लाटू दिली.

२८ ऑगस्ट

अंगठा काळा पडलाय. उद्या भरती व्हायचं. नुसत्या कोंड्यानं तो वाचला असता की नाही, कोण सांगणार! मालनला मात्र पक्कं वाटतं, तिनंच घालवला. 'डॉक्टरला मी सांगणार,' म्हणते. 'तुम्हाला खोटं ठरवलं त्यांनी.'

१ सप्टेंबर

अंगठा काढला. सकाळी डॉक्टरांनी भरल्या वॉर्डात विचारलं, 'आता तरी खरं सांगा, मास्तर. काय खात होता?' मालन स्टुलावरून उठली. मी तिचा हात दाबून धरला.

'वडे,' मी म्हणालो. 'शाळेसमोरच्या गाडीवर. रोज.'