रंग न विटणाऱ्या झुडपाविषयी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर अजून वाकते, एवढं कळावं म्हणून). तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला कसा आहे? नव्या घराला अंगण आहे, म्हणून आठ महिन्यांपूर्वी माझ्या हवाली केलेलं झुडूप न्यायला रविवारी येतेस, असं तू लिहिलंस. ये, पण आधी त्याचे प्रताप ऐक.

वसंतात पांढऱ्या फुलांचे घोस आले, तोवर सगळं ठीक होतं. हवा गार झाली आणि एक पान कडेने तांबूस दिसलं. चाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? म्हटलं, उन्हाने रंग विटतोय. कुंडी उचलून कापडाच्या ठाणांमागे ठेवली, तर रंग विटायच्या ऐवजी चढायलाच लागला! मग मी रोज सकाळी दोऱ्याची रिळं पानांना लावून बघू लागलो. सोमवारी विटकरी, बुधवारी डाळिंबी, शुक्रवारी एकाच पानाला तीन रिळं. त्या नादात एका वकिलांच्या काळ्या कोटाला जांभळी बटणं लावली (त्यांनी तो तसाच नेला, हे त्याहून नवल).

तुझी भावजय म्हणाली, "रंग पक्का करायला मिठाच्या पाण्यात घालतात, एवढंही कळत नाही?" कळत होतं. दोन मुठी मीठ कालवून मी कुंडीत ओतलं. तेवढ्यात रोपवाटिकेच्या बाई पडद्यांची मापं द्यायला आल्या. त्यांनी मला जे सुनावलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. त्यांनीच मुळं धुतली, माती बदलली आणि सांगितलं, की हे दरवर्षी असंच रंगतं आणि मग पानं टाकतं. दरवर्षी! आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस.

आता एकही पान उरलेलं नाही. चार काड्यांसाठी दुखरे गुडघे घेऊन दोन गाड्या बदलू नयेस, असं मला मनापासून वाटतं. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. काड्या मेल्या आहेत, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. नखाने खरवडलं की आत हिरवं दिसतं. रोज बघतो.

पुन्हा ता. क. ताई, खरं सांगतो, ते मला देऊन टाक. माझा जीव जडलाय. आज सकाळी दुकानाच्या दारातली फरशी उखडून मी ते जमिनीत लावलं. आता न्यायचंच असेल, तर दुकानासकट ने.